काळी चारची डावी तार

१२ जानेवारी, सोमवार

आज ही वही घेतली. ताई म्हणाली, "तू आणि रोजनिशी? चार दिवस लिहिशील, मग मी तिच्यात धोब्याचा हिशेब मांडीन." बघूच. मला एकोणतिसावं लागलंय आणि मी अजून लोकांच्या घरात मागच्या दारानं शिरतो. हे बदलायचं आहे आणि कसं बदललं ते लिहून ठेवायचं आहे. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या असतात.

मी पियानो लावतो. वाजवत नाही, लावतो. तारा उतरलेल्या असतात त्या किल्लीनं ताणून सुरात आणतो. अकरा वर्षं मास्तरांच्या हाताखाली आहे. मास्तर या कामातले देवमाणूस, पण त्यांचा एकच कोट आहे आणि तो माझ्याहून वयानं मोठा आहे. सभागृहाचा पियानो ते एकतीस वर्षं लावतायत. विंगेत त्यांची एक लाकडी खुर्ची आहे, तिच्यावर दुसरं कोणी बसत नाही. एवढीच काय ती कमाई.

मला खुर्ची हवी आहे ती पहिल्या रांगेतली.

ताई वाचनालयात काउंटरवर असते. तिथून मी हल्ली जुन्या फ्रेंच कादंबऱ्यांची भाषांतरं आणतो. जाडजूड, दोन-दोन खंडांची. काय लिहिलंय! फाटक्या चपलांनी शहरात आलेला पोरगा, खिशात दमडी नाही, आणि दोनशे पानांत बड्या घरच्या बाईंच्या शेजारी बग्गीत बसलेला. आणि सगळीकडे रीत एकच. प्रौढ वयाची, एकटी, वजनदार बाई गाठायची. तिला आपल्यात गुंतवायचं. मग दारं आपोआप उघडतात.

उद्या बंगल्यावर काम आहे. बंगल्यातल्या बाई चाळिशीच्या आसपास. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. सभागृहाच्या समितीच्या अध्यक्ष. आणि पियानो स्वतः वाजवतात. आणखी काय हवं?

१३ जानेवारी

स्वयंपाकघराच्या दारानं आत. पियानो उत्तम, पण जुना, लाकूड कोरडं पडलेलं. चार तास काम केलं. बाई एकदा डोकावल्या, "झालं का?" म्हणाल्या आणि गेल्या. आता पुढचं बोलावणं सहा महिन्यांनी. सहा महिन्यांत एकदा भेटून कोण कुणात गुंतणार!

ताईकडे दुसरा खंड मागितला. म्हणाली, "बाहेर गेलाय."

"कोणी नेलाय?"

"शेवट वाचायची आवड असलेल्या माणसानं. सभासदांची नावं सांगायची नसतात."

मला त्याची तशी गरजही नाही. वर कसं चढायचं ते सगळं पहिल्याच खंडात असतं.

२१ जानेवारी, बुधवार

युक्ती सुचली आणि अमलातही आणली! "मागच्या वेळी तारांमध्ये घालायची एक पाचर आत राहिली" असं सांगून बंगल्यावर गेलो. पियानोत बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात आणि प्रत्येक तार एका लोखंडी खुंटीला गुंडाळलेली, खुंटी लाकडात घट्ट रुतलेली. मधल्या सप्तकातल्या काळी चारची, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीची, डावी तार धरली. सूर बरोबर आणला, पण शेवटी खुंटी दाबून बसवायची असते ती बसवली नाही. उलट किल्लीनं थोडी डावी-उजवी हलवून ठेवली. आठवडाभरात तार हळूच उतरेल. तीन तारांतली एकच, म्हणजे पट्टी वाजेल पण आंबट वाजेल. कान असलेल्या माणसाला ते सहन होत नाही. बाईंना कान आहे.

मास्तरांना कळलं तर किल्ली डोक्यात घालतील. त्यांचा पहिला धडा हाच होता की खुंटी उगाच हलवू नकोस, लाकडानं पकड सोडली की परत धरत नाही. पण मी काही रोज हलवणार नाही. दोन-तीनदाच.

२९ जानेवारी, गुरुवार

बोलावणं आलं! बंगल्याचे माळीबुवा स्वतः मास्तरांच्या दुकानात येऊन सांगून गेले. मास्तर म्हणाले, "पंधरा दिवसांत कसं उतरलं?" मी म्हटलं, "हवा कोरडी आहे." मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

काम पाच मिनिटांचं, मी तासभर पुरवलं. बाई या वेळी खोलीतच बसल्या. कॉफी आली, चांगल्या कपातून. मी पियानोबद्दल बोललो, मग वाऱ्याबद्दल, मग एकटेपणाबद्दल (कादंबरीत पान ११२). त्या म्हणाल्या, "ही एकच तार फार लाडावलेली दिसते."

मी म्हटलं, "काही तारा हळव्या असतात."

त्या हसल्या. पहिला घाव बसला!

निघताना खुंटी परत हलवून ठेवली.

८ फेब्रुवारी, रविवार

भाऊजींचा कोट घालून गेलो. भाऊजी माझ्या दीडपट आहेत. ताई म्हणाली, "आत अजून कोणाला घेऊन जाणार आहेस?" हसू दे. बाईंनी आज स्वतः पुढचं दार उघडलं. पुढचं! पायरीवर माळीबुवा कात्री घेऊन उभे होते. म्हणाले, "परत? त्या पियानोला एकदा डॉक्टरला तरी दाखवा."

आज त्यांच्या कपाटाकडे नजर गेली. पुस्तकंच पुस्तकं. मी फ्रेंच कादंबऱ्यांचा विषय काढला. त्यातला नायक आपल्याला किती जवळचा वाटतो, गरिबीतून उठून माणूस कुठल्या कुठे जातो, वगैरे. बोलता बोलता मी जरा वाहवलोच. बाई मान तिरकी करून ऐकत होत्या.

"तुम्ही दोन्ही खंड वाचलेत?"

"पहिला वाचलाय. दुसरा मिळत नाही. बाहेर असतो."

"असं होय," म्हणाल्या आणि खिडकीकडे बघून बराच वेळ हसू दाबत होत्या. का, ते कळलं नाही. पण बाई हसते म्हणजे अर्धं काम झालं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाचवी खेप. आज एक गोष्ट झाली, ती लिहू की नको असं करत तासभर वही उघडी ठेवून बसलोय.

बाईंनी विचारलं, "मास्तर हल्ली येत नाहीत? पूर्वी तेच यायचे. माझ्या लग्नात हा पियानो आला तेव्हा त्यांनीच लावला होता."

मला म्हणता आलं असतं, वय झालं, जिने चढवत नाहीत. म्हटलं नाही. मी म्हणालो, "मास्तरांना वरचं ऐकू येत नाही. शेवटचं दीड सप्तक. दोन वर्षं झाली. सभागृहातही ते मीच लावतो, नाव त्यांचं."

ही गोष्ट मास्तर आणि मी सोडून जगात कोणाला ठाऊक नव्हती. मास्तरांच्या बायकोला, काकूंनाही नाही.

बाईंनी कप खाली ठेवला. "हे मला का सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी ते विचारलं नव्हतं. आता मी समितीची अध्यक्ष म्हणून काय करू? ऐकलं नाही असं म्हणू?" मग थोड्या वेळानं, "एप्रिलमध्ये त्यांची नेमणूक पुढे चालवायची की नाही ते ठरतं. मार्चमधला कार्यक्रम त्यांना करू दे. मग बघू."

मी खोटं काही बोललो नाही. खरं तेच बोललो. कादंबरीतला पोरगा असल्या वेळी आरशात बघून म्हणतो की आता मागे वळायचं नाही. मीही आरशात बघितलं. कोट फारच मोठा आहे.

२ मार्च, सोमवार

आज उदास चेहऱ्याचा प्रयोग केला. खिडकीशी उभं राहायचं, एक हात कपाळाला, उसासा. बाईंनी वाजवणं थांबवून विचारलं, "पोटात दुखतंय का?" आणि ओव्याचा अर्क मागवला. प्यावा लागला.

पण त्यानंतर त्यांनी जे वाजवलं ते ऐकत राहिलो. उसासा टाकायचं राहूनच गेलं. डाव्या हाताची करंगळी त्या जरा वर धरतात. लहानपणी मोडली होती, म्हणाल्या. झाडावरून पडून. या बाई कधी झाडावर चढल्या असतील असं वाटत नाही. मी म्हटलं, मीही पडलोय, शाळेच्या गच्चीवरून, आणि मग आम्ही कोण कुठून कुठून पडलं तेच बोलत बसलो. हे कुठल्याच पानावर नव्हतं.

येताना खुंटी हलवायची विसरलो. अर्ध्या रस्त्यातून परत गेलो, "किल्ली राहिली" म्हणून. बाई म्हणाल्या, "मला वाटलंच, काहीतरी राहिलंय."

१८ मार्च, बुधवार

सभागृहाचा पियानो हलवताना मजुरांच्या हातून सुटला, त्याचा पाय मोडला. कार्यक्रम रविवारी, वाजवणारे पाहुणे फार मोठे. बाईंनी आपला पियानो द्यायचं कबूल केलं. रविवारी सकाळी तो सभागृहात येईल, मास्तर लावतील, संध्याकाळी कार्यक्रम.

आणि खरी बातमी. बाई म्हणाल्या, "तुम्ही माझ्या शेजारी बसा. पहिल्या रांगेत." मी "बरं" म्हणालो, अगदी सहज, जणू रोजच बसतो. रस्त्यावर आल्यावर मात्र दोनदा उडी मारली. मला वाटतं, बाई आता पुरत्या गुंतल्यात.

ताई म्हणाली, "आणि तू?"

"मी काय?"

"काही नाही. जेवण वाढू का, तिकडेच जेवलास?"

२२ मार्च, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी नऊला मास्तर आणि मी सभागृहात. मास्तर नेहमीसारखे कोट काढून, बाह्या दुमडून, ओणवे होऊन कामाला लागले. मधल्या सप्तकात त्यांचा हात अजून असा आहे की बघत राहावं. काळी चारला आले. किल्ली लावली, फिरवली आणि थांबले. हात तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मनात म्हटलं, यांना ऐकूच आलं नसेल, म्हणून माझ्याकडे बघतायत.

"दुकानात जा," मास्तर म्हणाले. "एका नंबरानं जाड खुंटी घेऊन ये. ही काढून ती ठोकतो."

दुकानात जाऊन यायला तास. खुंटी बदलायला तास. आणि भाऊजींचा कोट माझ्या मापाला आणायला शिंप्याकडे दिलेला, शिंपी दुपारपर्यंतच बसणार होता. शिवाय जुनी खुंटी बाहेर काढली असती तर भोकाचं लाकूड दिसलं असतं, घासून गुळगुळीत झालेलं. हे मी त्या वेळी स्वतःशी म्हटलं नाही. आत्ता लिहिताना म्हणतोय.

मी म्हटलं, "मास्तर, सूर बरोबर आहे. मी ऐकला ना."

"सुराचं नाही म्हणत मी."

"मास्तर, माझ्या कानावर तरी विश्वास ठेवा."

त्या 'तरी' शब्दात केवढं काय आलं ते बोलल्यावर कळलं. मास्तरांनी किल्ली काढून घेतली. "तू म्हणतोस तर," म्हणाले. मग वरचं दीड सप्तक मी लावलं आणि ते खुर्चीवर बसून राहिले.

संध्याकाळी पहिली रांग. कोट अंगासरसा बसलेला. बाई शेजारी, राखाडी साडीत. लोक माझ्याकडे बघत होते, हा कोण म्हणून. मला वाटलं, हेच ते. इथेच यायचं होतं. मध्यंतरापर्यंत सगळं व्यवस्थित.

मध्यंतरानंतर तिसऱ्या तुकड्यात काळी चार गेली. आधी जराशी. पाहुण्यांनी भुवई उचलली. मग पूर्ण गेली. तार सैल होऊन किणकिणायला लागली. त्या तुकड्यात काळी चार सारखी येते, सारखी. मी बाईंकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाहुण्यांनी हात उचलले आणि उठून आत गेले.

विंगेत समितीचे लोक, सेक्रेटरी सर्वांत पुढे. "हे काय आहे? कोणी लावला पियानो?"

मास्तर खुर्चीवरून उठले. म्हणाले, "मी लावला. माझा कान गेलाय. मला ऐकू आलं नाही. चूक माझी."

मी दारात उभा होतो. कोट घालून. तोंड उघडलं होतं, ते आठवतं. शब्द निघाला नाही. मास्तरांनी आपली पेटी घेतली आणि मागच्या जिन्यानं उतरून गेले. ती खुर्ची तिथेच होती. सेक्रेटरी तिच्यावर बसून घाम पुसायला लागले.

२३ मार्च

दुकान बंद.

२६ मार्च, गुरुवार

समितीचं पत्र. मास्तरांच्या जागी माझी नेमणूक. अध्यक्षांची सही नाही, सेक्रेटरींची आहे. "आपण उत्तम कानाचे असल्याचे समितीस समजले आहे." ताईनं पत्र वाचलं, घडी करून माझ्यापुढे ठेवलं आणि पेढे आणू का वगैरे काही विचारलं नाही. भाऊजी म्हणाले, "कोट राहू दे तुझ्याकडेच. आता मला होत नाही."

हेच तर हवं होतं. मग जेवण का जात नाही?

२९ मार्च, रविवार

मास्तरांच्या घरी गेलो. तीनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो होतो, चौथ्यांदा काकूंनी खिडकीतून बघितलं आणि हाक मारली, "अरे, फेऱ्या कसल्या मारतोस? ये वर."

मास्तर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जुन्या खुंट्या निवडत होते. मी म्हटलं, "मास्तर, ती खुंटी मी..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"किल्ली लावली तेव्हा. लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. आपोआप अशी होत नाही. कोणीतरी दहा वेळा डोलवलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. जाड खुंटी आण म्हणालो."

मला रडू फुटलं. अकरा वर्षांत त्यांच्यासमोर कधी रडलो नव्हतो. मास्तर खुंट्या निवडतच राहिले.

"पण तिथे, सगळ्यांसमोर? तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"मुद्दाम पियानो बिघडवतो असं एकदा नाव झालं की तुला कोणी दारात उभं करणार नाही. मागच्यासुद्धा. तुला आत्ता कुठे एकोणतिसावं लागलंय. माझा कान तसाही गेलेला. गेलेली वस्तू दिली, त्यात माझं काय गेलं?" मग त्यांचा हात थांबला. "कानाचं मात्र तू बाईंना आधीच सांगितलंस. त्यांनी ते सेक्रेटरींच्या कानावर घातलं होतं, सेक्रेटरी नंतर बोलले त्यावरून मला कळलं. ते लागलं. तू ते सांगायला नको होतंस."

काकू कॉफी घेऊन आल्या. "कसलं गुपित घेऊन बसलात रे दोघं? दोन वर्षं दारावरची घंटा यांना ऐकू येत नाही. मला काय डोळे नाहीत?"

मास्तरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी कॉफीत डोकं घातलं.

उद्या समितीला लिहून देणार आहे. सगळं. नेमणुकीचं पत्रही परत.

१ एप्रिल, बुधवार

पत्र आधी बाईंना दाखवायला गेलो. अध्यक्ष म्हणून. मागच्या दारानं गेलो. स्वयंपाकघरातून निरोप आला, पुढच्या खोलीत या.

पियानो परत येऊन पडला होता, झाकण बंद. बाईंनी पत्र उभ्यानंच वाचलं. मग म्हणाल्या, "यात एक राहिलंय. मला दुसऱ्याच वेळी कळलं होतं, हे यात नाही."

मी पत्र परत घ्यायला हात पुढे केला.

"काळी चार दर आठ दिवसांनी उतरते आणि बाकीच्या सत्त्याऐंशी पट्ट्या जागच्या हलत नाहीत. मला काय कान नाहीत? तुम्ही गेलात की मी रोज ती दाबून बघायचे. आठव्या दिवशी उतरली की..." त्या थांबल्या. "उतरली की मला बरं वाटायचं. मग माळीबुवांना पाठवायचे. हे सांगताना लाज वाटते मला, पण तुम्ही एवढं लिहिलंय तर मीही सांगते."

"म्हणजे मी कशासाठी येतो ते..."

"ते पण कळत होतं. दुसरे खंड माझ्याकडेच असतात." कपाटाकडे बोट. तिथे ओळीनं होते. सगळे दुसरे खंड! "हे गेल्यापासून या घरात जो तो काहीतरी मागायला येतो. तुम्हीही त्यासाठीच येत होतात. पण एवढी खटपट करून कोणी आलं नव्हतं. ओव्याचा अर्कसुद्धा प्यायलात." हसल्या, आणि लगेच डोळे पुसले. "मी एका शब्दानं थांबवलं असतं तर मास्तरांवर ही वेळ आली नसती. आपल्या दोघांच्या खेळात तो माणूस भरडला गेला. समितीत तुमचं तुम्ही सांगा, माझं मी सांगते."

मी म्हटलं, "तुम्ही कशाला? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील."

इतके महिने मी समजत होतो की बाईंना मी गुंतवतोय. खोलीतून बाहेर पडताना माझे पाय निघत नव्हते. मला त्यांच्याकडून खुर्ची नको होती, काहीच नको होतं. नुसतं बसायचं होतं तिथे. हे कधी झालं कोण जाणे. बहुतेक त्या झाडावरून पडल्या तेव्हा.

३ एप्रिल, शुक्रवार

समिती झाली. मी उभं राहून सांगितलं. सेक्रेटरींचा चेहरा आंबलेल्या दुधासारखा. मग बाईंनी त्यांचं सांगितलं, दोन वाक्यांत, मान ताठ ठेवून.

मास्तरांना बोलावणं धाडलं. मास्तर म्हणाले, "काम करीन. पण वरचं लावायला मला माणूस लागतो." कोण हवा ते विचारलं. "हाच." सेक्रेटरी उसळले. मास्तर म्हणाले, "हा पुन्हा खुंटी डोलवणार नाही. दुसऱ्या कोणाची हमी मी देऊ शकत नाही." शेवटी कबूल झाले, पण मी फक्त मागच्या दारानं यायचं आणि कार्यक्रमाला थांबायचं नाही.

म्हणजे जानेवारीत होतो तिथेच. मास्तरांनी विंगेत जाऊन आपल्या खुर्चीवरची धूळ रुमालानं झटकली आणि बसून बघितलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

६ एप्रिल, सोमवार

बंगल्यावर गेलो, मास्तरांनी निवडून दिलेली जाड खुंटी घेऊन. जुनी काढली. भोक बघवत नव्हतं. नवी ठोकली, हातोडीचे घाव मोजून, तार गुंडाळली, ताणली, सुरात आणली आणि शेवटचा दाब देऊन बसवली. गच्च बसली. किल्ली लावून जोर केला तरी जागची हलेना. अकरा वर्षांत याहून चांगलं काम केलं नाही आणि करताना इतकं वाईटही कधी वाटलं नाही.

बाईंनी काळी चार दाबली. करंगळीच्या शेजारच्या बोटानं. आवाज विरेपर्यंत ऐकत राहिल्या.

"आता?"

"आता वर्षभर उतरणार नाही."

"वर्षभर."

"जास्तही टिकेल. लाकूड धरलंय चांगलं."

मी हत्यारं पेटीत भरली. एकेक, फडक्यात गुंडाळून. हत्यारं सहाच आहेत, किती वेळ पुरणार! पेटी बंद केली. बाई कपाटाशी गेल्या आणि एक पुस्तक काढून आणलं. दुसरा खंड.

"हा आज वाचनालयात परत करायचा होता. तुमच्या ताईंना सांगा, तुमच्या नावावर घ्या म्हणून." पुस्तक माझ्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. "वाचून झालं की येऊन सांगा, कसं वाटलं ते. त्यासाठी पियानो बिघडावा लागत नाही."

"कोणत्या दारानं येऊ?"

"जे उघडं दिसेल त्या."

८ एप्रिल, बुधवार

नायकाचं काही खरं नाही. कर्ज झालंय, मित्र पळालेत आणि ज्या बाईनं वर आणलं तिलाच यानं तोंडघशी पाडलंय. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. तीनशे साठ पानं आहेत. काल दुपारपासून दोनशे दहा झाली. आज दुकानात मास्तरांनी तीनदा हाक मारली, ऐकूच आली नाही. म्हणाले, "आता तुझाही कान गेला का?"

ताई म्हणते, "अरे, पंधरा दिवसांची मुदत आहे, एवढी घाई कसली?"